रेकॉर्डिंग लावलं तर तासिका धरतात का?

२०२० च्या जुलैमधली गोष्ट. माझी भाची कॉलेजात इतिहास शिकवते, तासिका तत्त्वावर. आमच्या घरातली परदेशातली मंडळीही हे वाचतात म्हणून सांगते, तासिका तत्त्व म्हणजे नेट-सेट झालेलं असतं, कुणाकुणाची पीएचडीही असते, पण पक्की जागा भरलेली नसते. मग जितके तास घ्याल तितक्याचे पैसे. दिवाळीच्या सुट्टीचे नाहीत, उन्हाळ्याचे तर नाहीतच.

टाळेबंदीत ती माझ्याकडे अडकली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तांदळाच्या डब्याला टेकवून फोन उभा करायचा, मागे भिंतीवर एक चादर टांगायची आणि तासभर बोलायचं. मी तोवर कुकर लावत नसे, मध्येच शिटी वाजायला नको म्हणून. "ऐकू येतंय ना सगळ्यांना?" हे वाक्य तिनं त्या महिन्यात किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे! समोर साठेक काळे चौकोन. एखाद्या चौकोनातून कोंबडा आरवायचा, तेवढाच प्रतिसाद.

महिनाअखेरीला कॉलेजकडून निरोप आला की सगळ्या तासांचं रेकॉर्डिंग जमा करा. तिनं निमूटपणे फाइली पाठवल्या. रात्री भांडी पुसताना मला म्हणाली, "मावशी, पुढच्या वर्षी हेच रेकॉर्डिंग लावलं, तर माझी तासिका धरतील का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण हा प्रश्न माझ्यावर कधी आला नव्हता. शाळेतून मी निवृत्त झाले तोवर माझा आवाज माझ्या घशातच होता, तो कुणाच्या कपाटात जाऊन बसू शकेल असं डोक्यातही आलं नव्हतं.

त्याच दिवसांत फोनवर एक मजकूर फिरत होता. शिक्षक लोक नव्या तंत्राला घाबरतात, जुनी खोडं हलायला तयार नसतात, वगैरे. मी स्वतः जुनं खोड असल्यामुळे मला राग आला हे कबूल करते. पण इतिहासाच्या बाईला कुणी असं घाऊक विधान ऐकवलं की ती आधी विचारते, कुठे? कधी? कोण? म्हणून गेली काही वर्षं जमेल तसं वाचत गेले. इंग्रजी माझं बेताचं, बी.ए. मराठी माध्यमातून केलेलं, त्यामुळे शेजारी शब्दकोश आणि लेख छापून द्यायला नातू. ही कथा मुख्यत्वे अमेरिकेतली आहे, कारण यंत्रावरून कॉलेजचं शिक्षण हा खेळ तिथेच आधी सुरू झाला. आणि आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी आधी.

साल १९६०. इलिनॉय विद्यापीठ, अर्बाना. मक्याच्या शेतांमध्ये वसलेलं गाव. तिथल्या प्रयोगशाळेत एक कल्पना निघाली की संगणकावरून शिकवता येईल का. मग रीतसर समिती बसली. इंजिनिअर, गणिती, मानसशास्त्रज्ञ, प्रशासक. आठवडेच्या आठवडे बैठका झाल्या आणि कुणाचं कुणाशी जमेना. (आमच्या शाळेतली गॅदरिंगची कमिटी आठवली.) शेवटी प्रयोगशाळेचे प्रमुख डॅनियल अल्पर्ट यांनी डोनाल्ड बिट्झर नावाच्या तरुण इंजिनिअरपाशी विषय काढला. तो म्हणाला, मी याचा विचार करतोच आहे, एक नमुना करून दाखवतो. त्यातून निघालं ते ‘प्लेटो’. नाव ग्रीक तत्त्वज्ञाचं, पण खरं तर ते एका लांबलचक इंग्रजी नावाचं आद्याक्षरांचं कडबोळं.

१९७२ पर्यंत प्लेटोची चौथी आवृत्ती आली. काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं, आणि पडद्याला बोट लावलं की यंत्राला कळायचं. १९७२ साली! आमच्या शाळेत तेव्हा सायक्लोस्टाइलचं यंत्र आलं की आम्ही शाईचे हात घेऊन मिरवायचो.

पण मला अडवलं ते वेगळ्या गोष्टीनं. यंत्रावर धडे कोण लिहिणार, हा प्रश्न तिथे १९६७ मध्ये आला. संगणकवाल्यांची भाषा प्राध्यापकांना येत नव्हती. तेव्हा पॉल टेन्झार या विद्यार्थ्यानं ‘ट्यूटर’ नावाची सोपी भाषा बनवली, शिक्षकाला स्वतःचा धडा स्वतः रचता यावा म्हणून. आणि प्राध्यापकांनी ते केलं. स्टॅन्ली स्मिथ हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी ऊर्ध्वपातनाचा प्रयोग पडद्यावर उभा केला, विद्यार्थ्यानं तापमान चुकवलं की प्रयोग बिघडायचा. ब्रूस शेरवुड यांनी पदार्थविज्ञानाचे धडे केले. ही माणसं रात्री जागून धडे लिहीत, दुसऱ्या दिवशी वर्गात पाहत की पोरं कुठे अडखळतात, आणि संध्याकाळी धडा दुरुस्त करत. म्हणजे आम्ही टाचणवहीत जे करायचो तेच.

१९७३ मध्ये डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या मुलानं त्यावर ‘नोट्स’ नावाची सोय केली. त्याआधी यंत्रातले दोष कळवायला सगळे एकाच सामाईक फाइलीत लिहीत, आणि कुणीही कुणाचंही खोडू शके. वूलीनं प्रत्येक नोंद लिहिणाऱ्याच्या नावानिशी ठेवली आणि तिच्याखाली उत्तरं लिहिता येतील असं केलं. सुरुवात दोष कळवण्यापासून झाली, पण थोड्याच काळात लेखक, शिक्षक, विद्यार्थी एकमेकांशी बोलायला लागले. एकत्र काम करण्याच्या ज्या सोयी आज कॉलेजांना विकल्या जातात, त्यांची एक आजी अशी दोष कळवण्याच्या वहीतून जन्माला आली आहे.

आता त्याच काळातलं दुसरं यंत्र. त्याचं नाव इंग्रजी आद्याक्षरांचं ‘टी.आय.सी.सी.आय.टी.’ मला वाचताना त्यात ‘तिकीट’च दिसतं, म्हणून तिकीट म्हणते. हे मायटर या संस्थेनं युटातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या मदतीनं बनवलं. प्लेटो आणि तिकीट या दोन्हींना पैसे एकाच ठिकाणचे, नॅशनल सायन्स फाउंडेशनचे. तिकिटाला रंगीत टीव्हीचा पडदा होता, आणि कळफलकावर ‘नियम’, ‘उदाहरण’, ‘सराव’, ‘सोपं’, ‘अवघड’ अशी बटणं होती. विद्यार्थ्यानं हवं ते दाबायचं. कल्पना हुशारीची होती. फरक एवढाच की इथे धडे वर्गातल्या शिक्षकानं लिहायचे नव्हते. ते तज्ज्ञांच्या तुकडीनं लिहून दिलेले, पूर्ण अभ्यासक्रम त्यात आलेला. शिक्षकानं बाजूला उभं राहायचं.

दोन्ही यंत्रं कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे नोकरदार आणि बेताच्या परिस्थितीतली मुलं जातात अशा दोन वर्षांच्या कॉलेजांत, लावून पाहिली. प्लेटो इलिनॉयमध्ये, तिकीट फिनिक्सला आणि व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाला. १९७७-७८ च्या सुमारास प्रिन्स्टनच्या परीक्षा घेणाऱ्या प्रसिद्ध संस्थेनं दोन्हींचे अहवाल लिहिले. त्यांतलं मला समजलं ते असं. प्लेटोमुळे मुलांच्या गुणांत ठळक फरक पडला नाही, ना वर, ना खाली. पण शिक्षक खूश होते, मुलंही. कारण किती वापरायचं, कधी वापरायचं, वापरायचं की नाही, हे शिक्षक ठरवत होता. तिकिटाचं उलट. जी मुलं शेवटपर्यंत टिकली त्यांचे गुण वाढले, पण गणितात शेवटपर्यंत टिकणाऱ्यांची संख्याच नेहमीच्या वर्गापेक्षा फार कमी झाली. मधेच सोडणाऱ्याला "काय रे, दोन दिवस दिसला नाहीस" असं विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

हे वाचलं त्या दिवशी मी छापील कागद बाजूला ठेवून बराच वेळ बसले. एकाच देशातले, एकाच दशकातले, एकाच प्रकारच्या कॉलेजातले शिक्षक. यंत्राला घाबरणारे असते तर दोन्हींना घाबरले असते. इलिनॉयमधले तर हौसेनं यंत्राच्या नादी लागलेले होते.

अर्थात सगळं भय काही इतकं शहाणं नसतं. माझंच सांगते. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागायला लागले. आमच्या शाळेतही टीव्ही आला. त्याच्या लाकडी पेटीची किल्ली माझ्याकडे होती. पहिल्या महिन्यात चार-पाचदा लावला. मग व्होल्टेज कमी आहे, धूळ बसते, पोर्शन मागे पडलाय, अशी कारणं देत मी ती पेटी उघडेनाशी झाले. खरं कारण वेगळं होतं. एकदा किल्ल्यांवरचा कार्यक्रम संपल्यावर मी फळ्याकडे वळून पुढचं सांगायला लागले, तर पाठीमागून एक मुलगा म्हणाला, "बाई, परत टीव्ही कधी?" मला ते लागलं. माझी नोकरी पक्की होती, पगार ठरलेला होता, कुणी मला काढणार नव्हतं. तरी मी त्या मुलांना वर्षभर टीव्ही दाखवला नाही. आज याची लाज वाटते. तेव्हा शिक्षकांची बाजू मांडताना मी स्वतःला सोवळ्यात ठेवत नाही.

तर पुढे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे एका संस्थेनं मोठ्या हुद्द्यांवरच्या लोकांसाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. सहा महिन्यांतून एकदा आठवडाभर समोरासमोर भेटायचं, बाकी सगळं घरच्या संगणकावरून, टेलिफोनच्या तारेनं. शिकवणाऱ्यांत अँड्र्यू फीनबर्ग हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि त्यांनी या अनुभवावर पुढे बरंच लिहिलं. असा वर्ग त्यांच्यापैकी कुणी कधी पाहिलाच नव्हता. काहींनी लांबलचक व्याख्यानं टंकून टाकली. उत्तर शून्य. काहींनी प्रश्न विचारले. तरी शून्य. समोर चेहरा नाही, माना डोलत नाहीत, कुणी जांभईसुद्धा देत नाही. लिहिलेलं पोचलं की नाही, पटलं की नाही, काहीच कळत नाही. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की इथे शिकवणं म्हणजे व्याख्यान देणं कमी आणि बैठक चालवणं जास्त. थोडकं लिहायचं, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्याशी जोडून द्यायचं, मागे राहिलेल्याला नावानं हाक मारायची. भाचीला हे वाचून दाखवलं तर ती हसून म्हणाली, "म्हणजे माझ्या काळ्या चौकोनांना अडतीस वर्षं झाली की!"

१९९० नंतर महाजाल आलं आणि प्रकरणाला वेग आला. इथेही पहिली अवजारं शिक्षकांनीच बनवलेली आहेत, हे मला माहीत नव्हतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले मरे गोल्डबर्ग हे संगणकशास्त्राचे शिक्षक. त्यांनी १९९५-९६ च्या सुमारास आपले वर्ग जालावर मांडता यावेत म्हणून ‘वेबसीटी’ केलं आणि ते जगभर गेलं. ऑस्ट्रेलियातले मार्टिन डुगियामास पर्थच्या कर्टिन विद्यापीठात हेच वेबसीटी सांभाळण्याचं काम करत. त्यांचं लहानपण वाळवंटातल्या आडगावात गेलेलं, शाळा शेकडो मैल लांब, म्हणून धडे रेडिओवरून यायचे. त्यांनी ‘मूडल’ बनवलं, २००२ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली आणि ते फुकट ठेवलं, कुणीही उघडून बदलावं असं. आपल्याकडच्या पुष्कळ कॉलेजांत आजही मूडल आहे. रेडिओवर कान लावून शिकलेल्या मुलानं बनवलेलं आहे ते.

मग भांडण कुठे झालं? १९९७ मध्ये, दोन ठिकाणी. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं त्या उन्हाळ्यात फर्मान काढलं की कला आणि विज्ञान शाखेच्या प्रत्येक विषयाचं जालावर पान असलंच पाहिजे. त्यासाठी विद्यार्थ्यांकडून वेगळी फी. ज्यांनी आधीच हौसेनं पानं केली होती तेसुद्धा ‘असलंच पाहिजे’ या शब्दांनी बिथरले. त्याच वर्षी टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठात प्राध्यापकांचा संप झाला, जवळजवळ दोन महिने. मागण्या बऱ्याच होत्या, पण करारात एक कलम आलं ते मला महत्त्वाचं वाटतं. शिकवण्यात तंत्र वापरायचं की नाही आणि कसं, हा निर्णय त्या त्या शिक्षकाच्या शैक्षणिक विवेकाला धरूनच व्हावा.

यॉर्कमध्येच डेव्हिड नोबल शिकवत. हे यंत्रांच्या इतिहासाचे अभ्यासक. कारखान्यातल्या कामगाराचं कसब यंत्रात कसं भरलं गेलं आणि मग कामगाराचा शब्द कसा चालेनासा झाला, यावर १९८४ मध्ये त्यांनी मोठं पुस्तक लिहिलं होतं. १९९७-९८ मध्ये त्यांनी तोच चष्मा लावून विद्यापीठाकडे पाहिलं आणि पदव्यांच्या डिजिटल गिरण्यांविषयीचा त्यांचा लेख गाजला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की एकदा तुमचं शिकवणं फाइलीत उतरलं की ती फाइल मालकाची, आणि मग तुमची गरज काय?

नोबल यांनी जुना दाखला दिला तो फार बोलका आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पत्राद्वारे शिक्षणाची लाट आली होती आणि मोठमोठी विद्यापीठंही तीत उतरली होती. फी आधी भरून घ्यायची. बहुतेक जण अर्ध्यात सोडून द्यायचे. त्यांची वही तपासावी लागत नसे, म्हणजे नफा. जे सोडून गेले त्यांच्या पैशांवर धंदा चालायचा. आणि वह्या तपासणाऱ्यांना पैसे मिळायचे नगावर, दर वहीमागे इतके. भाचीला हेही वाचून दाखवलं. ती या वेळी हसली नाही.

नोबल यांचं सगळं खरं ठरलं असं मात्र नाही. प्राध्यापक नाहीसे होतील असा त्यांचा सूर होता, तसं काही झालं नाही. शिवाय दूरशिक्षणाला ते सरसकट झोडपतात तिथे मी त्यांच्याबरोबर नाही. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९७१ पासून शिकवतं आहे, नाशिकचं आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. माझ्या ओळखीच्या दोन अंगणवाडी सेविका त्यातून बी.ए. झाल्या. त्यांना तुम्ही कॉलेजातच जा म्हणणं म्हणजे शिकू नका म्हणणं झालं असतं.

एकत्र काम करण्याच्या सोयींबद्दल एक वेगळीच गोष्ट अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये सापडली. तिथल्या मार्क गझ्डियल यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी ‘कोवेब’ नावाची सोय केली, विकिपीडियासारखी पानं जी वर्गातला कुणीही लिहू-बदलू शकेल. वास्तुकलेच्या शिक्षकांनी ती उचलून धरली. त्यांच्याकडे आराखडे भिंतीला टाचून सगळ्यांसमोर टीका करून घ्यायची पद्धत पूर्वीपासून होतीच. इंग्रजीच्या वर्गातही चाललं. गणित आणि इंजिनिअरिंगमध्ये मात्र कोरडं ठणठणीत. एका प्रयोगात गणिताच्या आणि केमिकलच्या मुलांनी मिळून काम करायचं होतं, तर गणिताच्या पुष्कळ मुलांनी शून्य गुण पत्करले पण मिळून काम केलं नाही! कारण शोधलं तर साधं होतं. तिथे गुण एकमेकांच्या तुलनेत मिळत. शेजाऱ्याला मदत केली की आपलाच नंबर खाली. आणि शिक्षकांनाही वाटे की उत्तर एकच असतं, त्यावर चर्चा काय करायची? सॉफ्टवेअर दोन्हीकडे तेच होतं. आपल्याकडे वर्गाच्या फोनवरच्या गटावर नोट्स मागितल्या की हुशार मुलं गप्प का बसतात, ते मला हे वाचून कळलं.

२०१२-१३ मधला सॅन होझेचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी मिळून २०१२ मध्ये ‘एडएक्स’ काढलं, मोठ्या प्राध्यापकांची व्याख्यानं जगाला जालावर देण्यासाठी. सॅन होझे हे सरकारी विद्यापीठ, साध्या घरांतल्या मुलांचं. तिथल्या एका इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांनी एडएक्सचा इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम आपल्या वर्गासाठी घेतला. मुलांनी घरी व्याख्यान पाहायचं, वर्गात प्राध्यापकांबरोबर गणितं सोडवायची. पास होणाऱ्यांचं प्रमाण चांगलंच वाढलं. सगळे खूश.

मग त्याच विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागापुढे हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांची ‘न्याय’ या विषयावरची गाजलेली व्याख्यानं आली, तुमच्या वर्गात ही वापरा म्हणून. विभागानं २९ एप्रिल २०१३ च्या जाहीर पत्रात नकार दिला, पत्र थेट सँडेल यांनाच लिहून. त्यांचं म्हणणं होतं की यातून विद्यापीठांच्या दोन जाती होतील. श्रीमंतांच्या मुलांना प्राध्यापक जिवंत, गरिबांच्या मुलांना तोच प्राध्यापक पडद्यावर, आणि सोबत एक मदतनीस. न्याय शिकवताना हा अन्याय कसा करायचा? सँडेल यांनीही उत्तरात म्हटलं की आपल्या व्याख्यानांचा उपयोग दुसऱ्या ठिकाणच्या सहकाऱ्यांच्या मुळावर येण्यासाठी व्हावा अशी आपली अजिबात इच्छा नाही. त्याच वसंतात तिथे ‘युडॅसिटी’ या कंपनीबरोबर कच्च्या मुलांसाठी गणिताचा ऑनलाइन वर्ग चालवला गेला. निकाल इतका वाईट लागला की जुलैमध्ये प्रयोग थांबवावा लागला. तिकिटाला चाळीस वर्षं झाली होती, पण ते अहवाल उघडून कुणी बघितले असतील असं वाटत नाही.

यानंतर २०२० चा मार्च. तेव्हाचं सगळ्यांना माहीत आहे, मी सांगत नाही. एवढंच नोंदवते की मार्चच्या शेवटीच अमेरिकेतल्या काही अभ्यासकांनी बजावलं होतं की हे जे चाललंय त्याला ऑनलाइन शिक्षण म्हणू नका, हे आणीबाणीतलं दुरून शिकवणं आहे. ऑनलाइन अभ्यासक्रम रचायला महिने लागतात, इथे प्राध्यापकांना काही दिवस मिळाले होते.

पण भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मला जानेवारी २०२१ मधल्या एका बातमीत मिळालं. माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात एक विद्यार्थी कॅनडाच्या कलेच्या इतिहासाचा ऑनलाइन वर्ग करत होता. व्हिडिओतले वृद्ध प्राध्यापक त्याला फार आवडले. काही विचारायचं म्हणून त्यांचा पत्ता शोधायला गेला, तर मृत्यूची बातमी सापडली. फ्रँस्वा-मार्क गान्यों, नामवंत कला-इतिहासकार, २०१९ मध्येच वारलेले. वर्ग चालवायला दुसरे प्राध्यापक आणि मदतनीस होते. पण पडद्यावर शिकवत होते ते गेलेले गुरुजीच.

गुरुजी गेल्यानंतरही शिकवत राहतात ही कल्पना आपल्याला परकी नाही, पुस्तकं दुसरं काय करतात? पण पुस्तकावर लेखकाचं नाव असतं, आवृत्तीचं साल असतं, आणि वाचणाऱ्याला ठाऊक असतं की हा माणूस आता उत्तर द्यायला नाही. त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं.

आपल्याकडे नियमही बदलत गेले. युजीसीनं २०१६ मध्ये ‘स्वयम्’वरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांना वीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळू शकतील असं ठरवलं, २०२१ मध्ये ते चाळीस टक्क्यांपर्यंत नेलं. विद्यार्थ्याला यातून चांगलं काही मिळूही शकेल. पण कार्यभार मोजून जागा ठरतात हे ज्याला माहीत आहे, तो प्राध्यापक हा आकडा वाचताना सॉफ्टवेअरचा विचार करत नसतो, तक्त्यातले तास मोजत असतो. त्याला तंत्रद्वेष्टा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

भाचीचं पुढे काय झालं ते सांगते. कॉलेज उघडलं, तिला तासही मिळाले, रेकॉर्डिंग कुणी लावलं नाही. निदान त्या वर्षी तरी. फाइली तिकडेच आहेत. तिनं एकदा विचारलं होतं की त्या कोणाच्या मालकीच्या आणि किती दिवस ठेवणार. "बघू" असं उत्तर मिळालं.

गेल्या पावसाळ्यात तिला एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. मुलगा रात्रपाळीला पेट्रोल पंपावर काम करतो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. म्हणाला, "मॅडम, टाळेबंदीतलं ते १८५७ चं लेक्चर आहे का तुमच्याकडे? पंपावर गर्दी नसते तेव्हा ऐकेन." तिच्याकडे प्रत होती. पाठवायच्या आधी तिनं स्वतः ऐकून पाहिलं, माझ्याच टेबलावर बसून, चहा पीत. विसाव्या मिनिटाला ती एकदम थांबली. घाईत ती मीरतच्या उठावाची तारीख ११ मे सांगून गेली होती. उठाव १० मेचा, ११ ला शिपाई दिल्लीत पोचले. वर्गात असती तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहून दुरुस्त केलं असतं.

तिनं दोन मिनिटांचं वेगळं रेकॉर्डिंग केलं, "माझ्याकडून चूक झाली होती, तारीख अशी घे," म्हणून, आणि दोन्ही त्या मुलाला पाठवली. कॉलेजलाही दुरुस्तीची फाइल पाठवली. ती कुठे लावायची ते तिथे कुणाला ठाऊक नाही, त्यामुळे कॉलेजच्या कपाटात मीरतचा उठाव अजून ११ मेलाच होतो आहे.